एडिसनच्या फोर्ट मायर्सच्या आवारातली 'मागची' बांधकामं बघावीत का, आणि त्यातलं खरं किती?

प्रश्न असा आलाय. एक काका टाम्पाला मुलीकडे आलेत, एक दिवस काढून फोर्ट मायर्सला एडिसन आणि हेन्री फोर्डची हिवाळी घरं बघायला जायचंय, सोबत ऐंशीच्या घरातली आई आणि सातवीतला नातू. कुठेतरी वाचलं की एडिसनची मूळ प्रयोगशाळा फोर्डने उचलून मिशिगनला नेली. मग ते विचारतायत की आता तिथे जी लॅब दाखवतात ती डुप्लिकेट का? आणि ती शेडं, गॅरेज, केअरटेकरचं घर वगैरे बघण्यात काही अर्थ आहे का, की मुख्य घर बघून, नदीकाठी फोटो काढून निघावं?

मी जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करते, आधी कोकणात आणि पुण्यात वाड्यांवर केलं, आता बरीच वर्षं फ्लोरिडाच्या गल्फ किनाऱ्यावर लाकडी घरांवर करतेय. या एस्टेटशी माझा कामाचा संबंध नाही पण धंद्यामुळे जाणं होतं, आणि पाहुणे आले की त्यांना घेऊनही जाते. त्यामुळे लांबलचक लिहितेय, घाई असेल तर शेवटचे दोन-तीन पॅरे वाचा.

मला वाटतं तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक म्हणजे 'ओरिजिनल' कशाला म्हणायचं, आणि दुसरा म्हणजे वेळ कमी असेल तर कशाला कात्री लावायची. बहुतेक लोक मुख्य घराला वेळ देतात आणि बाकीचं 'मागचं काहीतरी' म्हणून उरकतात. मी उलटं सांगणार आहे, पण का ते आधी सांगते.

सगळ्यात पहिली गोष्ट, प्रयोगशाळा दोन होत्या, एक नाही. हा घोळ जवळपास सगळेच घालतात.

एडिसन १८८५ मध्ये पहिल्यांदा फोर्ट मायर्सला आला तेव्हा ते गुरंढोरं वागवणाऱ्यांचं एक आडगाव होतं, रेल्वे नव्हती, बोटीने यावं लागायचं. कलुसाहॅची नदीच्या काठी त्याने तेरा एकरांच्या आसपास जमीन घेतली, २,७५० डॉलरला. मित्र एझरा गिलिलँड सोबत होता, दोघांनी एकसारखी दोन घरं शेजारी-शेजारी बांधायची ठरवली, आणि घरांचे लाकडी भाग कापून तयार केले गेले ते पार उत्तरेला मेन राज्यात, तिथून जहाजाने आणून १८८६ मध्ये इथे जोडले. त्याच वर्षी मीनाशी लग्न झालं आणि नवं जोडपं इथे आलं. त्याच सुमारास पहिली लॅब उभी राहिली. ती वनस्पतींची नव्हती, विजेच्या कामाची होती, आणि १८८७ मध्ये गावात पहिल्यांदा विजेचे दिवे लागले ते याच आवारात.

चाळीसेक वर्षं ती लॅब तिथे होती. मग १९२८ च्या सुमारास फोर्डने ती मागितली. फोर्ड तेव्हा मिशिगनमध्ये डिअरबॉर्नला ग्रीनफील्ड व्हिलेज उभं करत होता, अमेरिकेत ठिकठिकाणच्या जुन्या इमारती सुट्या करून आणायच्या आणि एका जागी परत उभ्या करायच्या असा त्याचा मोठा उद्योग. मेन्लो पार्कच्या एडिसनच्या लॅबची पुनर्रचना करताना तर त्याने न्यू जर्सीहून तिथली मातीसुद्धा आणली होती. फोर्ट मायर्सच्या लोकांना हे रुचलं नाही, आमच्या गावचं लेणं तुम्ही कुठे घेऊन चाललात असा सूर होता, पण एडिसनने परवानगी दिली आणि लॅब गेली. बदल्यात नवी लॅब बांधून देण्याचं ठरलं. ऑक्टोबर १९२९ मध्ये ग्रीनफील्ड व्हिलेजचं उद्घाटन झालं तेव्हा राष्ट्राध्यक्ष हूव्हर हजर होते. ती १८८६ ची लॅब आजही तिथेच आहे.

म्हणजे तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, फक्त अर्धं आहे. फोर्ट मायर्सला आज जी दिसते ती दुसरी लॅब, १९२८ ची, घरांसमोरच्या मॅकग्रेगर बुलेवार्ड या रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. ही कशाचीही नक्कल नाहीये, ही रबरासाठी बांधलेली खरीखुरी प्रयोगशाळा आहे, आपल्या मूळ जागेवर, आपल्या मूळ सामानासकट. आमच्या धंद्यात ही तिन्ही एकत्र मिळणं दुर्मीळ. जागा असते तर इमारत बदललेली असते, इमारत असते तर आत बँक नाहीतर कॅफे झालेला असतो.

आता 'ओरिजिनल' म्हणजे काय यावर माझं मत. डिअरबॉर्नच्या लॅबमध्ये फळ्या खऱ्या आहेत, पण नदी नाही, दमट हवा नाही, ज्या धक्क्यावर सामान उतरायचं तो धक्का नाही. फोर्ट मायर्सला पहिल्या लॅबची जागा आहे पण फळ्या नाहीत. त्या रिकाम्या जागेवर एडिसनसाठी एक छोटं ऑफिस झालं, आणि १९२९ मध्ये एलन बिडल शिपमन या त्या काळच्या नावाजलेल्या उद्यानरचनाकार बाईंनी तिथे 'मूनलाइट गार्डन' आखलं, मध्ये छोटं तळं, भोवती चांदण्यात उठून दिसतील अशी फिकी फुलं. लोक ती बाग बघून वा वा करतात आणि जातात, पण ती बाग म्हणजे एका उचलून नेलेल्या इमारतीचा रिकामा चौथरा आहे हे लक्षात ठेवून बघितलं की तिची मजा वेगळी. इमारत हलवली की ती वस्तू होते, संग्रहालयातल्या कपाटातल्या घड्याळासारखी, चालू असली तरी कोणी त्यावर वेळ बघत नाही. फोर्डच्या नादामुळे बऱ्याच इमारती वाचल्या हेही खरंच, आणि तो हटून बसला नसता तर दुसरी लॅब कशी आणि कुठे झाली असती कोण जाणे. तरी मला निवडायला सांगितलं तर मी जागेवरची निवडेन.

बरं, रबर का? १९२० च्या दशकात जगातलं बहुतेक रबर आग्नेय आशियातल्या ब्रिटिश आणि डच मळ्यांतून यायचं आणि ते सगळ्यात जास्त खपायचं अमेरिकेत, मोटारींच्या टायरसाठी. ब्रिटिशांनी १९२२ मध्ये स्टीव्हन्सन योजना आणून निर्यातीला लगाम घातला, भाव चढले, आणि पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग बंद पडले तर काय होतं हा अनुभव ताजा होता. मोटारवाला फोर्ड, टायरवाला फायरस्टोन आणि एडिसन, तिघांनी मिळून १९२७ मध्ये 'एडिसन बोटॅनिक रिसर्च कॉर्पोरेशन' काढलं, प्रत्येकी २५,००० डॉलर घालून. एडिसन तेव्हा ऐंशीचा होता! आईंना हे आवर्जून सांगा.

त्याला रबराचं झाड नको होतं, झाडाला चीक द्यायला पाच-सात वर्षं लागतात आणि चीक काढायला माणसं लागतात. (आपल्या दोडामार्गकडे रबराच्या बागा बघितल्या असतील तर पहाटे खोडाला चर पाडत फिरणारी माणसं आठवतील, ते काम यंत्राने होत नाही.) त्याला असं पीक हवं होतं जे अमेरिकेतच पेरता येईल, एका हंगामात वाढेल, यंत्राने कापता येईल, युद्धाच्या काळात झटपट उभं करता येईल. त्यासाठी १७,००० पेक्षा जास्त वनस्पती-नमुने तपासले गेले. वड-पिंपळाच्या जातीची झाडं, चिकाच्या वेली, रस्त्याकडेचं तण, काही सोडलं नाही. शेवटी बोट ठेवलं ते 'गोल्डनरॉड'वर, पिवळ्या तुऱ्यांचं एक रानगवतासारखं झुडूप, फ्लोरिडात कुठेही उगवतं. याच्या पानांत रबर असतं. निवड आणि संकर करत करत त्याची उंची १२ फुटांपर्यंत आणि रबराचं प्रमाण १२ टक्क्यांपर्यंत नेलं.

हे सगळं त्या 'मागच्या' बांधकामांत झालं, घरात नाही. घरात मीनाबाई पाहुण्यांना चहा देत होत्या.

लॅबमध्ये शिरल्यावर नातवाला एकच काम द्या, एका पानाचा प्रवास शोधायचा. पान येतं, वाळतं, दळलं जातं. दळलेली पूड आधी ॲसिटोनमध्ये, म्हणजे पानातलं हिरवं आणि राळेसारखे पदार्थ निघून जातात, मग उरलेला चोथा बेन्झीनमध्ये, त्यात रबर उतरतं, बेन्झीन उडवून टाकलं की तळाशी उरेल ते वजन करायचं. सायन्सला असलेल्यांनी सॉक्सलेट नावाचं काचेचं उपकरण बघितलं असेल, खाली द्रावक उकळतो, वर थंड होऊन पुडीवर ठिबकतो, भरला की आपोआप खाली रिकामा होतो, परत उकळतो, तासन्तास हेच. अशा कामाला उपकरणांच्या रांगाच लागतात, कारण एकेका नमुन्याला इतका वेळ आणि नमुने हजारोंनी. त्या टेबलांवरच्या काचसामानाकडे 'जुन्या बाटल्या' म्हणून बघू नका, तो एक कारखाना आहे ज्यात माल म्हणजे आकडे.

लॅबची मांडणीही बघण्यासारखी आहे. रसायनांची टेबलं एकीकडे, दळायची जागा वेगळी, काच फुंकून उपकरणं करायची जागा, फोटोसाठी अंधारखोली, आणि एका बाजूला मशीन शॉप, ज्यात वर छताखाली एक लांब फिरता दांडा आणि त्यावरून खाली प्रत्येक यंत्राला आलेला पट्टा. जुन्या गिरणीत ज्यांनी काम केलंय किंवा बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. आता वनस्पतींच्या लॅबला लेथ कशाला? कारण बाजारात मिळत नव्हतं ते सगळं इथेच करायचं, दळण्याचं यंत्र नीट दळत नाही, बदल, परत कर. एडिसनची कामाची पद्धत कशी होती हे तुम्हाला दहा पाट्या वाचून कळणार नाही ते दळणयंत्र आणि लेथ यांच्यातल्या अंतरावरून कळेल.

आणि हे सगळं शाबूत कसं राहिलं? खरं तर अपयशामुळे. एडिसन १८ ऑक्टोबर १९३१ ला गेला, काम पुढे काही वर्षं चाललं, १९३६ च्या आसपास थांबलं. गोल्डनरॉडचं रबर दर्जाला कमी पडायचं, त्याचे रेणू आखूड, त्यामुळे ताण सोसत नाही, आणि दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबराने ती गरजच संपवली. प्रकल्प यशस्वी झाला असता तर ती लॅब वाढवली असती, मोडली असती, जुनी टेबलं फेकून नवी आणली असती. तसं न होता दार बंद झालं. मीना एडिसनने १९४७ मध्ये आवार फोर्ट मायर्स शहराला एका डॉलरला देऊन टाकलं, पतीची आठवण म्हणून, म्हणून तिथे प्लॉट पडले नाहीत. २०१४ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने या लॅबला राष्ट्रीय ऐतिहासिक रसायन-वारसास्थळ म्हणून मान दिला.

लॅबजवळच तो प्रसिद्ध वड आहे. आपलाच वड, फायरस्टोनने १९२५ मध्ये भेट दिला तेव्हा चार फुटांचं रोप होतं, चिकातून रबर मिळतं का बघायला. आता जवळपास एकरभर पसरलाय. आपल्याला त्याचं काय कौतुक असं वाटेल, आईंना तर वाटेलच, पण गंमत बघा, संशोधनाचा एक नमुना नापास झाला आणि तोच सगळ्यात मोठा होऊन बसला. इमारतींच्या दृष्टीने मात्र वड म्हणजे डोकेदुखी, मुळं आणि पारंब्या पायाखाली शिरतात, त्याला सतत छाटत ठेवावं लागतं. कोकणात देवळाच्या शिखरात पिंपळ उगवलेला ज्याने काढलाय त्याला वेगळं सांगायला नको.

अशा संशोधनात लॅबइतकीच महत्त्वाची असतात ती हलकी बांधकामं, रोपं वाढवायचे मांडव, वाळवायच्या जागा, अवजारांची खोपटं. आपल्याकडे आता हिरवं शेडनेट लावतात ते काम तेव्हा लाकडी पट्ट्यांचं छप्पर करायचं, अर्धं ऊन अर्धी सावली. ही बांधकामं जगात कुठेच फारशी टिकत नाहीत कारण ती टिकण्यासाठी बांधलेलीच नसतात आणि त्यांचे नकाशे कोणी ठेवत नाही. म्हणून असल्या ठिकाणी काही गोष्टी फोटोंवरून परत केलेल्या असतात, वाफे नव्याने आखलेले असतात, त्यात फसवणूक काही नाही, फक्त तिथल्या माणसाला सरळ विचारायचं की हे मूळ आहे का परत केलेलं. चांगल्या स्थळावर याचं उत्तर लगेच मिळतं, आणि न लाजता मिळतं.

आता केअरटेकरचं घर. हे माझं आवडतं आणि लोक याच्या समोरून आइसक्रीम खात निघून जातात. आवारातली सगळ्यात जुनी इमारत हीच, एडिसनने जमीन घेतली तेव्हा ती आधीच उभी होती. या वाटेने गुराखी आपले कळप पुंटा रासाच्या बंदराकडे न्यायचे, तिथून गुरं बोटीने क्युबाला जायची, आणि हे त्यांच्या मुक्कामाचं ठिकाण होतं. म्हणजे एडिसनच्या आधीचं फोर्ट मायर्स या एका घरात उरलंय. मुख्य घरं मेनमधून कापून आलेली, पाहुणी, आणि हे इथल्या हवेतून आलेलं: जमिनीपासून वर उचललेलं, खालून वारा खेळतो, पुढे रुंद पडवी, उतरतं छप्पर. आपल्या कोकणातल्या पडवीशी त्याचं कुठलंही नातं नाही पण पाऊस आणि उकाडा सारखा असला की माणसं सारखंच बांधतात.

जुनी लाकडी इमारत कशी वाचायची ते थोडं सांगते, नातवाला पण मजा येईल. खिळ्याचं डोकं बघा. साधारण १८९० च्या आधीचे खिळे पत्र्यातून कापलेले असायचे, त्यांचं डोकं चौकोनी-आयताकृती, नंतर तारेचे खिळे आले, गोल डोक्याचे. एडिसनची घरं बरोब्बर या बदलाच्या तोंडावर बांधलेली. मग फळीवर तिरपा उजेड पडला की करवतीच्या खुणा दिसतात, गोल फिरत्या करवतीच्या असतील तर कमानीसारख्या वळलेल्या, वर-खाली चालणाऱ्या करवतीच्या असतील तर सरळ. एकाच भिंतीत दोन्ही दिसल्या तर समजायचं मधे कुणीतरी दुरुस्ती केलीय किंवा खोली वाढवलीय. रंगाचंही तसंच. आम्ही बिजागरीच्या मागे किंवा वळचणीखाली, जिथे कधी कोणी खरवडलेलं नसतं, तिथून नखाएवढा कपचा काढतो, राळेत घट्ट करतो आणि कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, एकावर एक थर दिसतात, खाली धुळीची काळी रेघ, वर रंग, परत रेघ, परत रंग. एका मळ्यावरच्या साध्या शेडच्या कपच्यात सगळ्यांना पांढरा माहीत असलेल्या भिंतीखाली गडद हिरवा निघाला होता, आणि मालकीणबाई चक्क नाराज झाल्या, त्यांना पांढराच हवा होता!

यावरून पुढचा मुद्दा, 'कुठल्या काळचं दाखवायचं'. इमारत एका दिवशी होत नाही. एडिसनच्या आवारातच बघा, १८८६ ची जुळी घरं, मग गिलिलँडशी बिनसल्यावर ते घर दुसऱ्यांकडे गेलं, १९०६ मध्ये ते एडिसनकडे आलं आणि पाहुण्यांचं घर झालं, स्वयंपाक-जेवण त्या बाजूला गेलं, १९१० च्या सुमारास पोहण्याचा हौद झाला, त्यात एडिसनच्याच कंपनीचं सिमेंट, फोर्डने शेजारचं 'द मँगोज' १९१६ मध्ये घेतलं (हो, आंब्यांवरूनच नाव), मग १९२८ ची लॅब. यातलं कुठलं साल 'खरं'? संवर्धनात एक कालखंड ठरवून त्याप्रमाणे दुरुस्ती करतात, इथे साधारण १९२० च्या दशकाचा शेवट धरलाय, म्हणजे तिघे मित्र म्हातारे आहेत, लॅब चालू आहे, बाग भरात आहे. मला हा निर्णय पटतो. १८८६ धरलं असतं तर लॅब, बाग, ऑफिस, सगळंच 'नंतरचं' म्हणून दुय्यम झालं असतं.

बाकीच्या गोष्टी पटकन. गॅरेज आणि फोर्डकडचं गॅरेज, गाड्या आवडत असतील तरच, नातवाला आवडतीलच. टी हाऊस आणि हौद चालता चालता. नदीवरचा धक्का एकेकाळी खूप लांबवर पाण्यात गेलेला होता, बांधकामाचं सामान त्यावरच उतरलं, आता तो तसा नाही.

लोक मला विचारतात की इतकं लाकूड फ्लोरिडात टिकतं कसं. नाही टिकत, टिकवावं लागतं. इथे दोन प्रकारची वाळवी, एक जमिनीतून मातीचे बोगदे करून चढते, ती आपल्या ओळखीची, आणि दुसरी कोरड्या लाकडातच राहते, बाहेरून काही दिसत नाही, फक्त खिडकीच्या चौकटीखाली रोज सकाळी बारीक बारीक षटकोनी दाणे पडलेले असतात, ते तिची विष्ठा. झाडून टाकलं की उद्या परत. मग अख्ख्या घरावर ताडपत्रीचा तंबू चढवून आत वायू सोडतात. त्यात मुख्य घराला नेहमी पैसा मिळतो, शेडला नाही. म्हणून दुय्यम इमारती आधी जातात. सडलेल्या खांबाचा तेवढाच तळ कापून तशाच लाकडाचा तुकडा जोडायचा, अख्खा खांब बदलायचा नाही, हे काम महाग आणि वेळखाऊ, आणि शेडसाठी कोण करतो? जिथे केलेलं दिसतं तिथे समजावं की संस्था गंभीर आहे. वर वादळं. सप्टेंबर २०२२ च्या इयन वादळाने फोर्ट मायर्स बीचची वाताहत केली, एस्टेटमध्ये झाडांचं आणि नदीकाठचं नुकसान झालं पण ऐतिहासिक इमारती उभ्या राहिल्या.

तर तुमच्या दिवसाबद्दल. हे बरंचसं आईंच्या गुडघ्यांवर आणि महिन्यावर अवलंबून आहे. जून ते सप्टेंबर असेल तर दुपारी उकाडा असह्य आणि रोज पाऊस, एडिसन स्वतः फक्त हिवाळ्यातच यायचा तो उगाच नाही. उन्हाळ्यात येणार असाल तर दार उघडायला पोचा, टाम्पाहून आय-७५ हायवेने दोन-अडीच तास धरा. नोव्हेंबर ते एप्रिल असेल तर आरामात. आणखी एक, मुख्य घरात खोल्यांमध्ये शिरता येत नाही, पडवीवरून फिरत उघड्या दारांतून आत बघायचं असतं. हे माहीत नसलं की लोक हिरमुसतात. उलट लॅबमध्ये तुम्ही त्या टेबलांच्या अगदी जवळ जाता.

मी तुमच्या जागी असते तर आधी लॅब केली असती, सकाळी डोकं ताजं असताना, मग वडाखाली आईंना बसवून तुम्ही दोघं बाहेरचे वाफे बघा, मग रस्ता ओलांडून केअरटेकरचं घर, मूनलाइट गार्डन, शेवटी मुख्य घराची पडवी, आणि तिथून नदी समोर आहेच, फोटो तिथे काढा. आई थकल्या तर फोर्डचं घर सोडा, काही बिघडत नाही. लॅब मात्र सोडू नका. तिकीट काढताना त्यात लॅब आणि म्युझियम धरलंय ना एवढं विचारून घ्या, वेगवेगळे प्रकार असतात.

डासांचं औषध आणि पाण्याची बाटली गाडीत विसरू नका. आईंसाठी व्हीलचेअर लागणार असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा, वाटा बऱ्यापैकी सपाट आहेत पण घरं जमिनीपासून उचललेली असल्यामुळे पडवीला चढ येतोच. आणि नातवाला खिळे-करवतीचं काही सापडलं तर फोटो इथे टाका, साल ओळखायचा प्रयत्न करू.